खूण आढळली नाही

प्रयोगशाळेत पाहुण्यांसाठी ठेवलेला पांढरा कोट अभिराम टिपणिसांना आखूड होत होता. बाह्या मनगटाच्या चार बोटं वर. केतकी भोपीनं ते पाहिलं. मोठ्या मापाचे दोन कोट घ्यायचा प्रस्ताव तीन वर्षांपूर्वी तिनंच अनावश्यक खर्च म्हणून कापला होता.

टिपणीस हे सह्यसागर निवृत्तिनिधीचे नवे प्रतिनिधी. चाळीस लाख निवृत्त माणसांची पुंजी सांभाळणारा हा निधी जबाबदार गुंतवणूक मंडळाचा सगळ्यांत मोठा सदस्य होता, आणि नव्या प्रतिनिधीला पेणच्या टेकडीवरची प्रयोगशाळा दाखवायची ही मंडळाची जुनी रीत. शास्त्र समजावायला डॉ. हुमेरा मुकादम, आणि चहा, बिस्किटं व वर्गणी यांसाठी केतकी. ती मंडळाची निधीप्रमुख होती.

हुमेरानं काचेची एक पेटी उघडली. आत ओल्या पापडासारखं काहीतरी पसरलेलं होतं.

"हे साक्षीपटल. जिवंत आहे. हात लावलात तर त्याला काही होणार नाही, पण तुमची नोंद होईल."

टिपणिसांनी हात मागे घेतला.

"विद्युत्कोशांचे, म्हणजे बॅटऱ्यांचे, पडदे बनवताना एक रसायन सुटतं," हुमेरा सांगू लागली. "आम्ही त्याला चिवटक म्हणतो, कारण ते मोडतच नाही. पोटातल्या बाळाच्या कंठग्रंथीवर जाऊन बसतं. अशी मुलं उशिरा बोलतात. काही बोलतच नाहीत. आणि त्यासाठी ते लागतं किती, तर तळ्यात थेंबभर. एवढं कमी शोधायचं म्हणजे तो पलीकडचा राक्षस लागतो." तिनं काचेपलीकडचं खोलीभर पसरलेलं यंत्र दाखवलं. "रेणुतोलक. एका नमुन्याला अठरा हजार रुपये आणि सहा दिवस. आपली गावं किती, केतकी?"

"अकरा हजार चारशे."

"ती रोज तपासायची म्हटली तर?"

"तर यांचा अख्खा निधी आपल्याला लागेल," केतकी म्हणाली.

"म्हणून आम्ही विष शोधतच नाही. विषाला शेपूट लावतो. वंशधागा, तुमच्या माझ्या पेशीत असतो तसाच, फक्त आम्ही लिहिलेला. कारखान्यानं सांडपाणी सोडताना हा खूणधागा त्यात मिसळायचा. तो चिवटकाला बिलगतो आणि ते जाईल तिथे जातो. धाग्याची गंमत अशी की त्याच्या प्रती निघतात. विषाचा एक रेणू शेवटपर्यंत एकच राहतो, पण धाग्याच्या एकाचे हे पटल तासाभरात कोटी करतं. कोटी झाले की गावातला दिवा लाल. नाहीतर निळा."

"आणि धाग्यावर लिहिलेलं काय असतं?"

"पैसा कुणाचा ते. कारखान्याचं नाव नाही, कारखाने नावं बदलतात. ज्या सदस्याच्या भांडवलावर तो चालतो त्याचा क्रमांक. तुमचा सहाशे सतरा."

"उन्हापावसात टिकतो हा धागा?"

"उघड्या पाण्यात आठ दिवसांत विरतो. सदस्यांचीच अट होती ती, गेल्या वर्षीच्या पाण्यासाठी यंदा धरू नका म्हणून. शरीरात मात्र अंधार असतो. तिथे वर्षभर सापडतो."

टिपणिसांनी मान डोलावली. माणूस लक्ष देऊन ऐकत होता, हे केतकीला आवडलं. बरेचसे प्रतिनिधी इथपर्यंत येता येता बिस्किटांकडे बघायला लागत.

"आणि तुमच्या मंडळाचं कसं भागतं?" त्यांनी केतकीला विचारलं.

"वर्गणीवर. सदस्य जेवढी मालमत्ता सांभाळतो त्यावर नऊ टप्पे आहेत. लहान पतसंस्था वर्षाला चाळीस हजार देते, तुम्ही एकोणीस कोटी. सरकारी अनुदान घेत नाही, कारण सरकारचेही कारखाने आहेत. देणगी घेत नाही, कारण देणगीदार नंतर फोन करतो. अहवाल विकत नाही, कारण विकत घेऊन वाचण्याइतके पैसे ज्यांच्याकडे आहेत ते ते पाणी पीत नाहीत. मग उरते वर्गणी."

"म्हणजे ज्याची झडती घ्यायची, त्याच्याच खिशातून झडतीचा खर्च."

"हो. पण मत प्रत्येकाला एकच. पतसंस्थेलाही एक, तुम्हालाही एक."

"मग आम्ही एकोणीस कोटी द्यावेत कशाला?"

"मंडळाचा शिक्का असला की कर्ज पाव टक्का स्वस्त मिळतं. त्याचे तुमचे दोनशे कोटी होतात. मी हिशेब केलाय. तुम्हीही केला असणार."

"केलाय," टिपणीस हसले. "आणि एखाद्यानं वर्गणी थकवली तर?"

"वर्गणी बंद, खूण बंद. त्याच दिवशी." हे सांगताना केतकीचा आवाज जरा उंचावला. ते कलम तिनं लिहिलेलं होतं. पूर्वी काही सदस्य वर्गणी बुडवून खूणधागा मात्र वापरत राहायचे आणि जाहिरातीत मिरवायचे. तिनं ते एका ओळीत थांबवलं होतं.

"केतकीताई, तुम्ही कुणाला फुकट श्वास घेऊ देत नसाल."

"घेऊ देते. पावती देत नाही."

शिरसवणे हे काळवी नदीकाठचं हजारभर वस्तीचं गाव. नदीच्या वरच्या अंगाला अकरा किलोमीटरवर पडद्यांचा कारखाना, आणि गावाच्या पाण्याच्या टाकीखाली खांबावर मंडळाचा दिवा. चार वर्षं तो लाल होता. क्रमांक सहाशे सतरा. लाल दिव्याच्या गावाला टँकर द्यायचा आणि त्याचं बिल त्या क्रमांकाच्या सदस्याला लावायचं, असा मंडळाचा नियम. म्हणून शिरसवणे चार वर्षं टँकरचं पाणी पीत होतं.

पाणी समितीची अध्यक्ष त्रिशा ही केतकीच्या थोरल्या बहिणीची मुलगी. बहीण गेल्यापासून केतकी महिन्यातून एका रविवारी तिच्याकडे जायची.

"मावशी, तुझा दिवा लाल होता तवा माझं लगीन झालं," त्रिशा टँकरच्या नळीला बादली लावत म्हणाली. "घर बांधलं तवापण लाल. आता काय बारसंपण लाल दिव्यात करू?"

केतकीला कळायला दोन क्षण लागले. मग तिनं बादली तिच्या हातातून काढून घेतली.

"कितवा?"

"तिसरा संपला. सोड, उचलते मी, म्हातारी तू." त्रिशानं टाकीपलीकडे बघितलं. तिथे शेजारणीचा ओम मातीत रेघा ओढत बसला होता. सहा वर्षांचा. दिवा बसायच्या आधी जन्मलेला. त्यानं अजून आईला हाक मारली नव्हती. "मना त्या पोराकडं बघवत नाय गं आताशा. आधी बघायचे."

"तुझ्या बाळाच्या वेळी दिवा निळा असेल," केतकी म्हणाली.

"सरकारी बोलतेस की मावशीसारखी?"

"मंडळातर्फे बोलते. तिसरी ताकीद देऊन झाली. आता सह्यसागरला काढायचं. काढलं की शिक्का गेला, शिक्का गेला की कर्ज महागलं, कर्ज महागलं की त्यांना या कारखान्यातला पैसा काढून घ्यावा लागतो. पैसा गेला की कारखाना थांबतो."

मंडळ स्थापन झालं तेच या वाक्यावर. केतकीनं ते शेकडो वेळा म्हटलेलं होतं, पण टँकरच्या चिखलात उभं राहून कधी म्हटलं नव्हतं.

"आणि दिवा निळा झाल्यावर टँकर बंद?"

"कशाला लागेल मग?"

"ते बालाराम नानाला सांग," त्रिशा हसली. "चार वर्षांत एक घोट टँकरचा प्यायला नाय. म्हणतो पत्र्याची चव लागते. नदीचंच पितो लपून."

कार्यकारिणीची सभा मार्चच्या शेवटच्या आठवड्यात झाली. एक सदस्य काढायचा म्हणजे एकोणीस कोटी काढायचे, मंडळाच्या उत्पन्नाचा नववा हिस्सा. प्रश्न निष्कासनाचा नव्हता, पुढच्या वर्षाचे पगार कुठून द्यायचे हा होता, आणि त्याचं उत्तर केतकी चार पानांवर लिहून घेऊन आली होती. स्वतःचा पगार निम्मा. दोन कार्यालयं बंद. नमुने गोळा करणारी बावीस माणसं कमी. तिसऱ्या पानावर रेणुतोलक विक्रीला.

"ते यंत्र वर्षात किती वेळा चालतं?" तिनं हुमेराला आदल्या आठवड्यात विचारलं होतं.

"सात वेळा. पटलं नीट काम करतात ना ते ताडून बघायला."

"आणि पटलं कधी चुकली?"

"एकदाही नाही." हुमेरा चष्मा पुसत राहिली. "वीक. मला वाईट वाटेल, पण वीक. सात नमुन्यांसाठी ते ठेवलंस तर बावीसच्या जागी चाळीस माणसं घरी पाठवावी लागतील तुला, त्यापेक्षा वीक."

सभेत टिपणीस शांत होते. "आम्ही गेल्यानं नदी स्वच्छ होणार असेल तर आम्हाला आनंदच आहे," एवढंच म्हणाले. ठराव दोन मतांनी मंजूर झाला. पतसंस्थांनी हात वर केले होते. केतकीनं त्याच दुपारी सहाशे सतरा क्रमांकाचा खूणधागा बंद केल्याचं पत्र पाठवलं. पत्रावर सही करताना तिला गेल्या कितीतरी वर्षांत वाटलं नव्हतं इतकं हलकं वाटलं.

नवव्या दिवशी शिरसवण्याचा दिवा निळा झाला.

त्रिशानं भिंतपडद्यावर फोन लावला. मागे अख्खं गाव गोळा झालेलं, कुणीतरी फटाक्यांची माळ आणलेली. त्रिशाच्या हातात नळाच्या पाण्यानं भरलेला पेला होता.

"मावशी, बघतेस ना? तुझ्यासमोर पिते." ती एका दमात प्यायली. ओठ पुसले. "गोड हाय गं. विसरलेच होते."

केतकीनं हात हलवला. दुसऱ्या दिवशी नियमाप्रमाणे टँकर बंद झाला. त्या महिन्यात मंडळाच्या नकाशावर तेहतीस गावं लालाची निळी झाली आणि तीन वर्तमानपत्रांनी मंडळावर अग्रलेख लिहिले.

केतकीनं त्रिशाला फोन केला होता तो बारशाच्या साड्यांविषयी. सभेला एक्केचाळीस दिवस झाले होते.

"काठापदराचीच घे, पण भारी नको," त्रिशा सांगत होती. "पैसे मी देईन. ह्यांना आता जादा मिळतात. तिसरी पाळी लागलीये ना."

"कुठे तिसरी पाळी?"

"कारखान्यात. मागल्या महिन्यापासून चाळीस माणसं नवी घेतली. बस रोज तीनदा जाते आमच्या दारावरून."

"कारखाना चालू आहे?"

"मग? बंद कवा होता?"

हुमेरा प्रयोगशाळेत होती. रेणुतोलक गेलेल्या खोलीत आता जुनी कपाटं होती. केतकीनं जे ऐकलं ते सांगितलं. हुमेरानं फळ्यावर लिहायला खडू उचलला आणि न लिहिताच ठेवून दिला.

"आपण पैसा काढायला लावला," केतकी म्हणाली. "पैसा गेला नाही का?"

"तो तुझा विषय."

"पाव टक्का महाग झालं कर्ज. त्यांनी सोसलं असेल. पडद्यांना मागणी आहे. किंवा दुसरीकडून आणलं असेल." ती थांबली. "पण मग दिवा? कारखाना चालू तर दिवा निळा कसा?"

"केतकी, दिवा विष बघत नाही."

"माहीत आहे. खूण बघतो."

"आणि खूण कोण मिसळतं?"

"सदस्य," केतकी म्हणाली, आणि तिथेच तिचं वाक्य संपलं.

वर्गणी बंद, खूण बंद. त्याच दिवशी. आठ दिवसांत पाण्यातले जुने धागे विरले आणि नवव्या दिवशी पटलाला काहीच सापडलं नाही. चिवटक पूर्वी होतं तेवढंच होतं. तिसऱ्या पाळीमुळे थोडं जास्तच.

"मी शास्त्रज्ञ आहे ना?" हुमेरा म्हणाली. "पंचवीस वर्षं हेच शिकवलं मी पोरांना, की यंत्र काय मोजतं ते आधी विचारा. आणि दिवा निळा झाल्यावर मी शिरखुर्मा वाटला."

"यंत्र आपण विकलं."

"हो. विद्यापीठात दुसरं आहे. रांग आठ महिन्यांची."

केतकीनं भिंतीवरच्या नकाशाकडे पाहिलं. अकरा हजार चारशे गावं. आठशे लाल, बाकी निळी. प्रत्येक वार्षिक सभेत हा नकाशा ती कौतुकानं दाखवायची.

"ही सगळी निळी," ती म्हणाली, "यातली स्वच्छ किती?"

"ते आपण कधी मोजलंच नाही. निळ्याचा अर्थ एवढाच, की इथल्या विषात आपल्या सदस्याचा पैसा नाही. किंवा इथं विष नाही. दोन्हींना दिवा एकच आहे."

"आणि लाल गावं?"

"ती नशीबवान. त्यांना निदान टँकर मिळतो."

केतकी शिरसवण्याला गेली. त्रिशाला सांगितलं, पाणी पिऊ नकोस. त्रिशानं ऐकलं, पेला खाली ठेवला, आणि बोटांवर दिवस मोजले. बत्तीस भरले. ते तिच्या चेहऱ्यावर दिसलं.

गावानं मात्र ऐकलं नाही. टाकीखाली जमलेल्या बायका एकदा केतकीकडे बघत, एकदा दिव्याकडे.

"चार वर्षं सांगत होतात, लाल असला तर पिऊ नका," एक जण म्हणाली. "आम्ही थेंब प्यायलो नाय. आता निळा हाय तरी पिऊ नका? मग दिवा कशाला लावलाय, शोभेला?"

"दिवा चुकला," केतकी म्हणाली.

"मग तवापण चुकला असंल."

ज्या शिस्तीसाठी केतकीनं या गावाला दोनदा प्रशस्तिपत्र दिलं होतं, तीच शिस्त आता तिचं ऐकत नव्हती. टँकर पुन्हा सुरू करावा म्हणून तिनं कार्यकारिणीला लिहिलं. उत्तर आलं ते तिच्याच नियमावलीतलं: दिवा लाल नाही, बिल लावायला सदस्य नाही, सबब खर्चास आधार नाही. तिनं स्वतःच्या पैशानं सहा टँकर पाठवले. निम्म्या पगारात सातवा बसत नव्हता.

टिपणिसांच्या कार्यालयात तिला दहा मिनिटं थांबावं लागलं. चहा चांगला होता.

"मला खलनायक करू नका," त्यांनी सुरुवातच तशी केली. "आम्ही हिस्सा विकायला काढला होता. घेणारा तयार होता. तो तुमचा सदस्य नाही, होणारही नाही. मी संचालकांना म्हटलं, राहू दे, निदान आपण पुन्हा सदस्य होऊ शकतो. माझी आई याच निधीच्या पेन्शनवर जगते, केतकीताई. तुमच्या त्या गावातले मास्तरही जगत असतील."

"तुम्हाला माहीत होतं का, की खूण बंद केली तर दिवा निळा होईल?"

"तुमच्या डॉक्टरीणबाईंनी मला आखूड कोट घालायला लावून तासभर समजावलं होतं. मला वाटलं, तुम्हालाही माहीत असेल." ते टोमणा मारत नव्हते. खरंच तसं वाटलं असावं. "सभेत विचारणार होतो. पण मी काढला जाणारा माणूस. माझा प्रश्न कुणी प्रामाणिक मानला असता?"

केतकीनं चहा संपवला. "परत या."

"येऊ. दोनशे कोटी कुणाला नकोत? पण दर चार वर्षांनी हाकलून घ्यायला येणार नाही. निष्कासनाचं कलम काढा. आणि वर्गणी दोन टप्पे खाली."

"कलम काढलं तर तुम्ही कधीच थांबणार नाही."

"कलम होतं तेव्हा थांबलो का?" टिपणीस म्हणाले. "आम्ही सदस्य राहिलो तर तुमचा दिवा लाल राहील, टँकर चालू राहील, बिल आम्ही भरू. यापेक्षा जास्त तुम्ही त्या गावासाठी काय करू शकता ते मला सांगा, मी ऐकतो."

तिनं खरंच विचार केला. ते थांबले होते, घाई करत नव्हते.

ठरावाचा मसुदा केतकीनं लिहिला: यापुढे कोणत्याही सदस्याचे सदस्यत्व हानीच्या कारणावरून रद्द केले जाणार नाही. दोन महिन्यांचे पगार थकलेल्या कार्यालयात तो अकरा मिनिटांत मंजूर झाला. कुणी विरोध केला नाही. पतसंस्थांनीही हात वर केले.

मार्चच्या सभेनंतर त्रेसष्टाव्या दिवशी, सह्यसागरची खूण पुन्हा पाण्यात मिसळू लागल्यावर, शिरसवण्याचा दिवा लाल झाला. तो बघून केतकीला आनंद झाला. नंतर तिला आठवेना, की याआधी अगदी असाच आनंद तिला कधी झाला होता, आणि आठवलं तेव्हा तिनं तो विषय मनातून बाजूला सारला.

दुसऱ्या दिवशी टँकर गेला. तिसऱ्या दिवशी मंडळाचं आरोग्य शिबिर. ज्याच्या रक्तात सदस्याची खूण सापडेल, त्याच्या औषधपाण्याचा आणि होणाऱ्या बाळाच्या आठ वर्षांच्या उपचारांचा खर्च त्या सदस्याला लावायचा, हा मंडळाचा सर्वांत जुना आणि सर्वांत चांगला नियम. चिवटकावर औषध आहे, पण ते जन्मल्यापासून पहिल्या आठवड्यात सुरू करावं लागतं, आणि ते महाग आहे. दाखल्यावर सही निधीप्रमुखाची. माणसं कमी केल्यामुळे बोटातून थेंब काढायचं कामही आता तिच्याकडे आलेलं होतं.

शाळेच्या वर्गात टेबल मांडलं. पहिला नंबर बालाराम नानांचा, कारण ते सगळ्यांना ढकलून पुढे आले. थेंब पटलावर पडला. तासाभरात पटल लालभडक झालं.

"सहाशे सतरा," केतकीनं लिहिलं. "खूण आढळली."

"म्हंजे काय मिळंल?"

"सगळा औषधपाण्याचा खर्च, नाना. जन्मभर."

"मना काय झालेलंच नाय," नाना म्हणाले, पण दाखला घडी करून बंडीच्या खिशात ठेवला.

दुसरी त्रिशा. आता पोट दिसत होतं. ती बाकावर बसून तासभर साड्यांविषयी बोलली, मग बोलणं संपलं. पटल तसंच राहिलं, ओल्या पापडासारखं.

केतकी पटलाकडे बघत राहिली. तिला ते थेंब पडायच्या आधी कळायला हवं होतं. आदल्या आठवड्यात कळायला हवं होतं.

"काय निघालं?" त्रिशानं विचारलं.

"काही नाही."

"मंग बरंच झालं की." त्रिशा मावशीच्या तोंडाकडे बघत होती. तिचं हसू अर्ध्यावर थांबलं. "मंग तू अशी का बसलीस?"

"त्रिशा, लाल दिवा होता तेव्हा तू कधी नळाचं प्यायलीस? एकदा तरी?"

"थेंब नाय. तूच सांगितलं होतंस."

"आणि निळा झाल्यावर प्यायलीस."

"बत्तीस दिवस."

"त्या बत्तीस दिवसांच्या पाण्यात विष होतं. खूण नव्हती. तुझ्या रक्तात आता..." केतकीनं पेन खाली ठेवलं. "रक्तात ते आहे. पण कुणाचं आहे ते लिहिलेलं नाही. ज्यावर लिहिलेलं नाही ते हे पटल बघत नाही. आणि पटल बघत नाही त्याचा खर्च लावायला माझ्याकडे कुणी नाही."

त्रिशा हुशार होती. पाणी समितीचं काम तिनं चार वर्षं उगाच केलं नव्हतं.

"म्हणजे नानासारखं चोरून प्यायले असते, तर बरं झालं असतं."

"हो."

"मी बाकीच्यांच्या घरी जाऊन हंडे तपासायचे. कुणी नळाचं भरलंय का म्हणून. त्या सुगंधाचा तर मी हंडा ओतून दिलेला."

केतकीनं कोऱ्या दाखल्यांचा गठ्ठा सरळ केला.

"खोटं लिहिता येत नाय ना?"

"एक लिहीन मी. तुझ्यासाठी लिहीन." हे तिनं इतक्या पटकन म्हटलं की तिलाच आश्चर्य वाटलं. "पटलाची नोंद सह्यसागरकडे आपोआप जाते. दाखला आणि नोंद जुळली नाही की ते नानांचाही दाखला नाकारतील. आणि मग सगळ्यांचेच. आठशे गावांचे."

"नको मग," त्रिशा म्हणाली. तिनं दोन्ही हात पोटावर ठेवले. बाहेर व्हरांड्यात बायकांचा आवाज येत होता. "तेरा जणी हायत बाहेर. मीच बोलावून आणलंय त्यांना. दिव्याचं सगळ्यात जास्त ऐकणाऱ्या."

ती उठली, दारापाशी गेली आणि हातातल्या यादीवरचं पुढचं नाव तिनंच पुकारलं.

सुगंधा आत आली. आठवा महिना असावा, चालताना कमरेवर हात होता. तिनं बोट आधीच पुढे केलं.

"ताई, तास लागंल ना? घरी भाकऱ्या व्हायच्यात माझ्या."

केतकीनं सुई उचलली नाही. थेंब नाही, तर पटलाची नोंद नाही. दाखल्यांचा गठ्ठा पुढे ओढला आणि वरच्या कागदावर सुगंधाचं नाव आणि पुढे सहाशे सतरा लिहायला घेतलं.

"नाही," ती म्हणाली. "लगेच देते."